इंग्रजीतला 'रन' एकदाचा नीट समजून घ्यायचा तर: मूळ, अर्थ आणि ओळखायची पद्धत

शाळेत 'रन म्हणजे धावणे' असं पाठ केलेलं असतं आणि ते चूक अजिबात नाही, पण पुढे कधीतरी 'हर नोज इज रनिंग' असं वाक्य समोर येतं आणि माणूस थांबतो, नाक धावतंय म्हणजे काय? मग 'शी रन्स अ स्कूल' येतं, 'द रोड रन्स नॉर्थ' येतं, 'द मिल्क हॅज रन आउट' येतं. शेवटी वैतागून डिक्शनरी उघडावी तर एका शब्दाला दोन-तीन पानं, त्यामुळे डिक्शनरी परत बंद.

वैताग येणं साहजिक आहे, कारण हा शब्द खरंच राक्षसी आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. नंतर नव्या आवृत्तीचं काम करताना 'रन'ने त्याला मागे टाकलं. २०११ मध्ये बातम्या आल्या त्यात आकडा होता ६४५, आणि तो सुद्धा फक्त क्रियापदाचे अर्थ धरून, नाम वेगळंच. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक त्या एका नोंदीवर जवळपास नऊ महिने बसले होते म्हणतात. आता ६४५ अर्थ कोणी पाठ करत नाही, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते सुद्धा नाही. त्यांना हे जमतं कारण त्यांच्या डोक्यात एकच हालचाल बसलेली असते आणि बाकी सगळं तिच्यावरून आपोआप सुचतं. ती हालचाल आपल्यालाही पकडता येते, फक्त क्रम नीट हवा.

पायरी १: पाय विसरा, पाणी आठवा

सुरुवात मुळापासून करायची, कारण इथे मूळ कळलं की निम्मं काम होतं. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीत, 'रिन्नन' असं एक क्रियापद होतं. त्याचा अर्थ धावणं होताच, पण वाहणं पण होता, आणि दोन्ही अर्थ बरोबरीने नांदत होते. त्याच्या भावंडांकडे बघा. जर्मनमध्ये आजही 'रिन्नेन' आहे आणि त्याचा अर्थ सरळ वाहणं, पाझरणं, थेंब थेंब ओघळणं असाच आहे, पायाने धावायचं असेल तर तिथे 'रेन्नेन' म्हणतात. बरेच कोश याच्याही मागे जातात आणि ऱ्हाइन नदीचं नाव सुद्धा त्याच वाहण्याच्या मुळाशी जोडतात, सगळे अभ्यासक ते मानत नाहीत, पण आपल्या कामाला जर्मन पुरावा पुरेसा आहे.

म्हणजे 'हर नोज इज रनिंग' हा काही 'धावणे' वरून ताणून आणलेला विनोदी अर्थ नाही, नाक वाहणं हा त्या शब्दाचा जन्मापासूनचा अर्थ आहे. नळ वाहतो, अश्रू वाहतात, नदी वाहते, कपड्याचा रंग धुताना बाजूच्या कपड्यात उतरतो, मेणबत्तीचं मेण ओघळतं, या सगळ्याला 'रन'. अंड्याचा बलक पातळ राहिला तर तो 'रनी'. 'स्टिल वॉटर्स रन डीप' ही म्हण कित्येक जण 'संथ पाणी खोल धावतं' अशी लावायला जातात आणि अडकतात, तिथे नुसतं वाहणं आहे.

यातला माझा सगळ्यात आवडता नातेवाईक म्हणजे 'रेनेट'. चीज करताना दूध घट्ट व्हावं म्हणून जे घालतात ते. दूध घट्ट होण्याचा आणि वाहण्याचा काय संबंध? तर जुन्या काळी दूध 'रन' होतं म्हणजे त्यातले कण एकमेकांकडे वाहत येऊन गोळा होतात, साकळतात, अशी कल्पना होती. जर्मनमध्ये 'गेरिन्नेन' म्हणजे आजही साकळणं, गोठणं, रक्ताला सुद्धा तोच शब्द वापरतात. वाहणाऱ्या शब्दातून थिजणारा शब्द निघाला, भाषेला लॉजिक नसतं म्हणणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

तर या पायरीवर करायचं एवढंच: 'रन' दिसलं की डोळ्यासमोर पळणारा माणूस आणायचा नाही, पाण्याची धार आणायची, जी न थांबता एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातेय. न थांबता आणि एका दिशेने, हे दोन गुण लक्षात ठेवा, पुढे सारखे लागणार आहेत.

पायरी २: रन, रॅन, रन ही भानगड मिटवून टाका

ही पायरी छोटी आहे पण ती टाळली तर लिहिताना घात होतो. वर्तमानात 'रन', भूतकाळात 'रॅन', आणि 'हॅव' किंवा 'हॅड' नंतर परत 'रन'. 'आय हॅड रॅन' हे चूक, 'आय हॅड रन' बरोबर.

असं विचित्र का झालं? हे क्रियापद 'स्विम, स्वॅम, स्वम' आणि 'बिगिन, बिगॅन, बिगन' यांच्याच कुटुंबातलं आहे. त्या हिशोबाने ते 'रिन, रॅन, रन' असायला हवं होतं, आणि एके काळी तसं होतंही, स्कॉट्स भाषेत आजही धावण्याला 'रिन' म्हणतात. इंग्रजीत मात्र तिसऱ्या रूपातला स्वर पहिल्या रूपात घुसला आणि सोळाव्या शतकापर्यंत पहिलं आणि तिसरं रूप एकसारखं होऊन बसलं. इंग्रजी कवी चौसर चौदाव्या शतकात लिहीत होता तेव्हा तो 'रेन्ने' लिहायचा, म्हणजे तोवर काहीच पक्कं नव्हतं.

त्याही आधी अजून एक गंमत होती, जुन्या इंग्रजीत 'रिन्नन' पेक्षा 'इर्नन' हे रूप जास्त चालायचं, अक्षरांची अदलाबदल झालेलं. आपण बोलताना नुकसानचं नुस्कान करतो ना, तेच. इंग्रजीत हे 'र' च्या बाबतीत फार झालंय, 'बर्ड' आधी 'ब्रिड' होता, 'थर्ड' आधी 'थ्रिड' सारखा होता, आणि ते उलटलेले शब्द उलटेच राहिले. 'रन' मात्र परत सरळ झाला, आणि त्यात व्हायकिंग लोकांचा हात आहे. नवव्या शतकापासून ते इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन राहिले, त्यांच्या भाषेत याच अर्थाचा 'रेन्ना' हा शब्द होता, 'र' सुरुवातीला असलेला, शेजारी शेजारी राहून तो इंग्रजीत मिसळला आणि 'इर्नन' मागे पडला.

पायरी ३: पुढे कर्म आहे का ते बघा

ही सगळ्यात कामाची पायरी आहे, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल पण ही ठेवा.

जुन्या इंग्रजीत खरं तर दोन क्रियापदं होती. एक वर सांगितलेलं, स्वतः धावणं किंवा वाहणं. दुसरं 'ॲर्नन', जे मूळच्या 'दुसऱ्याला धावायला लावणं' या रूपातून आलं आणि घोडा दौडवणं अशा अर्थाने वापरलं जायचं. आपल्याकडे जसं पळणे आणि पळवणे, चालणे आणि चालवणे, बसणे आणि बसवणे, अगदी तसली जोडी. अशा जोड्या इंग्रजीत अजून काही ठिकाणी जिवंत आहेत, 'सिट' आणि 'सेट', 'राइज' आणि 'रेज', 'फॉल' आणि झाड पाडायचं ते 'फेल'. पण धावण्याच्या जोडीचं असं झालं की दोन्ही रूपं घासत घासत एकच झाली. आता धावणं पण 'रन' आणि धाववणं पण 'रन', चालणं पण 'रन' आणि चालवणं पण 'रन'.

मराठीत हा फरक 'व' ने दाखवला जातो, इंग्रजीत तो फक्त वाक्याच्या रचनेत असतो. म्हणून वाक्यात 'रन' दिसलं की लगेच विचारायचं, कशाला? 'द मशीन रन्स' इथे कशाला याला उत्तर नाही, म्हणजे मशीन चालतं. 'शी रन्स द मशीन' इथे उत्तर आहे, मशीनला, म्हणजे ती मशीन चालवते. आता यावरून पुढचं धडाधड सुटतं बघा: कंपनी रन करणं म्हणजे चालवणं, शाळा चालवणं, प्रोग्राम चालवणं, 'रन अ बाथ' म्हणजे आंघोळीला टबात पाणी सोडणं, म्हणजे पाण्याला वाहायला लावणं, 'रन युअर फिंगर्स थ्रू युअर हेअर' म्हणजे केसांतून बोटं फिरवणं, 'रन अ केबल' म्हणजे वायर टाकत नेणं, 'रन एक्स्ट्रा ट्रेन्स' म्हणजे जादा गाड्या सोडणं, 'रन अ स्टोरी' म्हणजे पेपरने बातमी छापणं, 'रन अ टेस्ट' म्हणजे चाचणी घेणं.

मराठीत दरवेळी क्रियापद वेगळं येतंय, चालवणं, सोडणं, फिरवणं, टाकणं, छापणं, आणि ते तसंच यायला हवं. एकच मराठी शब्द सगळीकडे चिकटवायचा हट्ट धरला की भाषांतर मेलं म्हणून समजा. पण आतली गोष्ट सगळीकडे एकच आहे: एखाद्या गोष्टीला गती दिली आणि ती चालू ठेवली.

चोरून माल नेण्याला पण 'रन' आहे, बंदुका, दारू, काहीही. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा समुद्रातून दारू आणणाऱ्यांना 'रम-रनर' म्हणायचे. यातही तेच, माल वाहता ठेवणं, फक्त पोलिसांच्या नजरेआड.

पायरी ४: कोण 'रन' होतंय ते बघा

कर्म नसेल तर कर्त्याकडे बघायचं. माणूस किंवा जनावर असेल तर बहुतेक वेळा धावणं किंवा पळून जाणं. इथे धावण्याची खरी व्याख्या पण बघून घ्या, नुसतं जोरात चालणं म्हणजे धावणं नाही. धावताना मध्ये एक क्षण असा असतो की दोन्ही पाय जमिनीवर नसतात. वेगाने चालण्याच्या शर्यतींमध्ये पंच नेमकं हेच बघत असतात, दोन्ही पाय उचललेले डोळ्यांना दिसले की खेळाडूला ताकीद.

गाडी, बस, ट्रेन असेल तर चालणं किंवा धावणं, इथे मराठीतही 'गाड्या उशिराने धावत आहेत' म्हणतातच, अडचण नाही. द्रव असेल तर वाहणं. यंत्र असेल तर चालू असणं. नाटक, करार, लायसन्स असेल तर चालू राहणं, 'द लीज रन्स फॉर टेन इयर्स' म्हणजे करार दहा वर्षांचा आहे. गंमत ही की आपण पण 'नाटक वर्षभर चाललं' म्हणतो, 'दुकान चालतं', 'खटला चालतो', 'घड्याळ चालतं' म्हणतो. इंग्रजीने धावणारं क्रियापद धरलं आणि आपण चालणारं, पण कामं तीच करून घेतली. म्हणून पाय नसलेला कर्ता दिसला तर आधी 'चालणे' लावून बघायचं, दहात सात-आठ वेळा तरी ते बसतं असा माझा अंदाज आहे.

जिथे बहुतेक लोक अडखळतात ती जागा म्हणजे न हलणारा कर्ता. 'द रोड रन्स अलाँग द रिव्हर', 'द फेन्स रन्स अराउंड द फील्ड', 'अ स्कार रन्स डाउन हिज चीक'. रस्ता हलत नाही, कुंपण हलत नाही, गालावरचा व्रण तर नाहीच नाही. मग 'रन' कोण होतंय? आपली नजर. बघणारा मनात त्या रेषेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि ती हालचाल रेषेच्या नावावर लिहून टाकतो. लेनर्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने याला 'फिक्टिव्ह मोशन' म्हटलंय, म्हणजे मानलेली गती. मराठीत आपण 'हा रस्ता थेट स्टेशनला जातो' म्हणतोच की, रस्ता कुठेही जात नसताना. तर रेषेसारखी लांब वस्तू कर्ता असेल तर 'जाणे' किंवा 'पसरलेलं असणे'.

आकड्यांचं पण यातलंच समजा. 'द रिपोर्ट रन्स टू थ्री हंड्रेड पेजेस' म्हणजे रिपोर्ट तीनशे पानांपर्यंत जातो, 'द कॉस्ट रन्स इनटू मिलियन्स' म्हणजे खर्च मिलियन्सच्या घरात जातो. आणि एखादा गुण किंवा आजार 'रन्स इन द फॅमिली' असेल तर तो घराण्यात चालत आलेला असतो, पिढ्यांमधून वाहत आलेला.

कम्प्युटरवाल्यांना तर हा शब्द इतका सवयीचा झालाय की त्यांना तो इंग्रजी वाटतच नाही. यंत्र 'रन' होणं आधीच रूढ होतं, त्यामुळे कम्प्युटरलाही ते लागू झालं. १९६४ साली डार्टमथ कॉलेजमध्ये केमेनी आणि कर्ट्झ यांनी बेसिक ही भाषा आणली, तिच्यात प्रोग्राम लिहून झाला की 'रन' असंच टाइप करायचं. विंडोजमध्ये आजही विंडोज बटण आणि 'आर' दाबलं की 'रन' चाच चौकोन उघडतो.

पायरी ५: मागोमाग विशेषण आलंय का

'रन ड्राय', 'रन लो', 'रन शॉर्ट', 'रन वाइल्ड', 'रन लेट'. इथे 'रन' चा अर्थ जवळजवळ 'होणे' एवढाच उरतो, सगळं वजन पुढच्या शब्दावर. विहीर 'रॅन ड्राय' म्हणजे आटली, साठा 'इज रनिंग लो' म्हणजे संपत आलाय, 'आय ॲम रनिंग लेट' म्हणजे मला उशीर होतोय, आणि हे वाक्य माणूस खुर्चीत बसून पण बोलू शकतो, धावायची गरज नाही. एक छटा मात्र ध्यानात ठेवा, हे बदल बहुतेक वेळा नको असलेले असतात, हातातून निसटत चाललेले. साठा कमी होतो तेव्हा 'रन लो', पण भरत आला म्हणून कोणी 'रन फुल' म्हणत नाही.

पायरी ६: शेपटीचे शब्द

'आउट', 'इनटू', 'ओव्हर', 'थ्रू', 'अप', 'डाउन' वगैरे. यांची यादी करून भिंतीवर लावायची पद्धत आहे, मला ती कधीच पटली नाही, कारण यादीतून कारण कळत नाही आणि कारण कळलं नाही की दोन दिवसांत यादी साफ विसरते. त्यापेक्षा धारेचं चित्र घ्या आणि शेपटीचा शब्द तिला कुठे नेतो ते बघा. 'रन आउट' म्हणजे धार बाहेर पडून भांडं रिकामं, म्हणून संपणं. 'रन इनटू' म्हणजे जाता जाता कशात तरी घुसणं, म्हणून आपटणं, अडचणीत येणं, किंवा ओळखीचा माणूस अचानक भेटणं. 'रन ओव्हर' म्हणजे भांड्याच्या काठावरून उतू जाणं, गाडी अंगावरून जाणं, आणि वेळेच्या काठावरून सांडणं म्हणजे मीटिंग लांबणं. 'रन थ्रू' म्हणजे एका टोकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर, म्हणून यादीवरून झरझर नजर फिरवणं, नाटकाची सलग तालीम करणं, किंवा आलेला पैसा उडवून टाकणं.

'रन अप' मध्ये वर चढत जाणं आहे, म्हणून बिल किंवा कर्ज 'रन अप' होतं. 'रन डाउन' जरा थांबून बघण्यासारखं आहे. वजनावर किंवा स्प्रिंगवर चालणारं घड्याळ हळूहळू उतरत उतरत बंद पडतं, तसा माणूस थकला की 'रन डाउन', इमारत पडझडीला आली की 'रन डाउन', बॅटरी उतरली की पण तेच. आणि कोणाबद्दल वाईट बोलून त्याला खाली आणणं हे पण 'रन डाउन' च. 'रन इट बाय मी' हे ऑफिसच्या बोलण्यात फार येतं, म्हणजे कल्पना माझ्या समोरून एकदा ने, मला दाखव, मग पुढे जा.

आता इथवरच्या सगळ्या पायऱ्या एका वाक्यावर लावून बघू. वाक्य मीच जुळवलंय, मुद्दाम ठासून भरलंय: 'द फॅक्टरी रॅन डे अँड नाइट, द डाय रॅन इनटू द रिव्हर, द पेपर रॅन द स्टोरी, अँड द ओनर, हू वॉज रनिंग फॉर मेयर, रॅन.'

पहिला 'रॅन', पुढे कर्म नाही, कर्ता फॅक्टरी म्हणजे यंत्रातली जमात, तर 'चालू होती'. दुसरा, कर्ता रंग म्हणजे द्रव, शेपटीला 'इनटू', तर 'रंग नदीत वाहत गेला'. इथे 'आपटला' किंवा 'अचानक भेटला' का नाही? कारण कर्ता द्रव आहे, म्हणून आधी कर्ता आणि मग शेपूट हाच क्रम ठेवायचा. तिसरा, कशाला? स्टोरीला, कर्म आहे, तर पेपरने बातमी छापली. चौथा 'रनिंग फॉर', कोणत्यातरी पदासाठी, तर मालक महापौरपदाच्या निवडणुकीला उभा होता. आणि शेवटचा, पुढे काही नाही, मागे शेपूट नाही, कर्ता माणूस, तर पळाला. पाच वेळा एकच क्रियापद, आणि मराठीत चालू असणे, वाहत जाणे, छापणे, उभं राहणे, पळणे. यातला चौथा बघा, इंग्रजीत धावतात आणि आपल्याकडे उभे राहतात, ब्रिटिश इंग्रजीत पण 'स्टँड' च म्हणतात, धावायची पद्धत अमेरिकनांची.

अमेरिकन-ब्रिटिश फरकाचे अजून एक-दोन नमुने इथेच सांगून टाकतो. लांब मोज्याचा धागा सुटून जी शिडीसारखी रेघ पडते तिला अमेरिकेत 'रन' म्हणतात, ब्रिटनमध्ये 'लॅडर'. लाल सिग्नल तोडला तर अमेरिकेत तो 'रन' केला जातो, ब्रिटनमध्ये 'जंप'.

पायरी ७: 'रन' नाम असेल तर

आधी 'अ' किंवा 'द' दिसेल, त्यावरून ओळखायचं. नामात धारेचा एक तुकडा कापून घेतलेला असतो, सुरुवात आणि शेवट असलेला. एका दमात छापलेल्या प्रती म्हणजे 'प्रिंट रन', सलग नशिबाने साथ देणं म्हणजे 'रन ऑफ लक', खरं काम करायच्या आधीची चाचणी म्हणजे 'ड्राय रन' किंवा 'ट्रायल रन', कोंबड्यांना फिरायला जाळी लावून दिलेली लांबट जागा म्हणजे 'चिकन रन'. 'रन ऑन द बँक' मध्ये ठेवीदार एकदम पैसे काढायला धाव घेतात. 'रन ऑफ द मिल' म्हणजे गिरणीतून जसा निघाला तसा माल, प्रतवारी न केलेला, म्हणून सर्वसाधारण. आणि 'द रन्स' म्हणजे जुलाब, इथे परत पहिली पायरी आठवा.

क्रिकेटचा रन तर सगळ्यांनाच माहीत, पण त्याच्याकडे भाषेच्या नजरेने कोणी बघत नाही. जुन्या काळी स्कोअर ठेवायला काठीवर खाचा पाडायचे आणि रनला 'नॉच' म्हणजे खाच म्हणायचे. मग खाचेऐवजी ज्या धावण्यामुळे ती पडायची त्याचं नाव रूढ झालं. दोन्ही बाजूच्या स्टंप्समध्ये २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट, त्यातून दोन्हीकडची क्रीजची चार-चार फूट वजा केली की एका रनमागे ५८ फूट धावणं येतं. पण चेंडू सीमेपार गेला की बॅट्समन जागेवरून हलला नाही तरी चार रन मिळतात! धावण्याचं नाव, आणि धावणं शून्य. बेसबॉलमध्ये तोच शब्द आहे पण हिशोब वेगळा, तिथे चारही बेसना फेरी पूर्ण झाली की एक रन.

'रनर' वाले शब्द शर्यतीतून आलेत. 'रनर-अप' हा आधी कुत्र्यांच्या शर्यतीतला शब्द, फक्त शेवटची फेरी हरलेला कुत्रा. 'रनिंग मेट' म्हणजे आता उपाध्यक्षपदाचा जोडीदार उमेदवार, पण मूळचा घोड्यांच्या शर्यतीतला, मुख्य घोड्याला वेग धरून द्यायला सोबत सोडलेला दुसरा घोडा. उपाध्यक्षांना हे कोणी सांगत नसावं.

पायरी ८: न पटणाऱ्या वाक्प्रचारांचं मूळ शोधा

काही वाक्प्रचार वरच्या कुठल्याच पायरीने सुटत नाहीत, तेव्हा 'रन' च्या पुढचा शब्द संशयाखाली घ्यायचा. 'रन द गाँटलेट' घ्या. गाँटलेट म्हणजे लोखंडी हातमोजा, हातमोजा कसा धावणार? तर तो मोजा नाहीच. स्वीडिश 'गॅटलोप' म्हणजे बोळातली धाव, सैनिकांच्या दोन रांगा उभ्या करायच्या आणि गुन्हेगाराने मधून जायचं, दोन्हीकडून फटके खात. सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात, म्हणजे १६१८ ते १६४८, हा शब्द इंग्रजीपर्यंत पोचला, लोकांना ओळखीचा वाटेना म्हणून त्याला हातमोज्याचं रूप चढवलं गेलं. 'रन द गॅमट' पण असाच, तिथे 'गॅमट' म्हणजे सुरांची पूर्ण पट्टी, सगळ्यात खालच्या सुराचं नाव 'गॅमा उत' त्याचा हा चेंगरलेला अवतार, म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं. 'रन अमॉक' मधला 'अमॉक' मलय भाषेतून आलाय, तिथे त्याचा अर्थ बेभान होऊन हल्ला करणं. आणि 'रन रायट' शिकारीतला, नेमून दिलेला वास सोडून शिकारी कुत्री भलत्याच जनावराच्या मागे लागली की ती 'रायट' धावली असं म्हणायचे.

हे शोधताना डिक्शनरी कुठली उघडलीय याचं भान हवं. ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी किंवा मेरियम-वेबस्टरची कॉलेजिएट यांत अर्थ वयाच्या क्रमाने असतात, सगळ्यात जुना आधी, मग त्याची पोरं, मग नातवंडं. शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनऱ्यांत साधारणपणे जास्त वापरला जाणारा अर्थ आधी. वाक्य अडलं असेल तर दुसऱ्या प्रकारची उघडा, 'हा अर्थ आला कुठून' हे हवं असेल तर पहिली. मोठ्या डिक्शनरीत प्रत्येक अर्थाखाली साल टाकून जुनी वाक्यं दिलेली असतात, व्याख्या सोडून ती वाक्यंच वरून खाली वाचत गेलात तर अर्थ कसा सरकत गेला ते डोळ्यांना दिसतं.

सरावाला तीन वाक्यं देतो, आधी स्वतः सोडवा आणि मग पुढे वाचा. 'द कलर्स रॅन इन द वॉश.' 'ही रॅन अ कॉम्ब थ्रू हिज बिअर्ड.' 'द एक्झिबिशन रन्स टिल मे.' पहिल्यात कर्म नाही आणि कर्ता रंग, तर धुताना रंग गेला, एकमेकांत उतरला. दुसऱ्यात कशाला, तर कंगव्याला, म्हणून दाढीतून कंगवा फिरवला. तिसऱ्यात काळ आहे, प्रदर्शन मे महिन्यापर्यंत चालू आहे. हे जमलं असेल तर उद्या कुठलाही इंग्रजी पेपर घेऊन फक्त 'रन' ला गोल करत जा, क्रीडा पानावर एक प्रकार सापडेल, अर्थ पानावर दुसरा आणि निवडणुकीच्या बातमीत तिसरा.